सेकंड

होटगी रोडला, जिमच्या वरच्या मजल्यावर
मी मजकूर विणते. शंभर शब्दांना पंधरा रुपये.
वीरेश सांगतो, माणसासाठी लिहू नको,
माणूस मागाहून येतो.
आधी यंत्र वाचतं, तेच ठरवतं
कुणाला वर बसवायचं.
म्हणून 'अस्सल सोलापुरी चादर' एका पानात सव्वीस वेळा,
त्या चादरीनं सोलापूर कधी पाहिलं नसलं तरी.
आणि तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा:
डोळ्यांना न दिसणारी गावं,
फक्त यंत्राच्या बोटांना लागणारी.

नान्ना साखर पेठेत एकतीस वर्षं जकार्डवर.
त्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं असतात.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं दबून राहतो.
एक भोक चुकलं की मोराची मान तुटते,
आणि एकाच चादरीत नाही,
पट्ट्यांची माळ फिरेल तितक्या वेळा.
एकदा रात्रपाळीला नऊ चादरींत तुटली.
शेठ म्हणाला, घडीत जातंय, कोण बघतंय.
नान्नांनी कोपऱ्यावर निळ्या शाईनं लिहिलं, सेकंड.
नऊही कोपऱ्यांवर.
पगार कापून घेतला, त्यातली एक घरी आणली.
ती पांघरूनच मी बारावी झाले.

पौषात त्यांचा खोकला वाढला.
कापसाची धूळ आहे, जाईल, म्हणाले.
एका रात्री मी उखळात शेंगांची चटणी कुटत होते,
ते दिव्याखाली फोन धरून, एकेक अक्षर जोडत:
"बिड्डा, हे बघ, पहिलंच आलंय.
डॉक्टर मृणाल सबनीस. छातीच्या तज्ज्ञ.
म्हणतात, यंत्रमागाचा खोकला
हळद, मध, कोमट पाणी,
एकवीस दिवसांत मुळापासून."

मुसळ हातात तसंच राहिलं.
एकवीस मी लिहिलं होतं.
पंधरा कमी वाटले, तीस जास्त.
मृणाल सबनीस हे नाव मीच ठेवलं,
शनिवारी, डबा उघडायच्या आधी.
तिला कुठल्याशा बाईचा फोटो दिला,
चष्मा दिला, वीस वर्षांचा अनुभव दिला.

नान्ना म्हणाले, आज चौदावा दिवस.

ते झोपल्यावर मी खाली खाली उतरत गेले,
दुसरं पान, तिसरं,
सगळीकडे माझ्यासारख्याच कुणीतरी विणलेलं.
सहाव्या पानावर एका सरकारी दवाखान्याचा कागद,
वाकडा स्कॅन केलेला, वर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली:
'दोन आठवड्यांवर खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी.'
बस, एवढंच.
त्यात यंत्रमाग हा शब्द नव्हता.
वर कसं येणार ते?

सिव्हिलच्या रांगेत मी त्यांना सांगितलं.
पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले बराच वेळ.
मग विचारलं, किती मीटर गेलं?
म्हणजे किती जणांनी वाचलं.
म्हटलं, महिन्याला अकरा हजार.
त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला,
पेन असतं तिथं.

दुपारी पानाच्या माथ्यावर मी एक ओळ घातली,
काळी, ठळक, सगळ्यांना दिसेल अशी:
हे लिहिणारी डॉक्टर नाही. थुंकी तपासून घ्या.
चारच्या आत वीरेशनं काढली.
मी परत घातली.
त्यानं पासवर्ड बदलला, आणि आरडाओरडा न करता,
समजुतीनं, चहा मागवून म्हणाला,
आपण नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहिलंच असतं ना.
चहा मी प्याले. तेही सांगायला हवं.

आज रिपोर्ट यायचाय.
नान्ना पायरीवर बसलेत, गुडघ्यावर ती जुनी चादर.
विचारतात, ती बाई अजून वरच आहे का?
मी फोन काढून बघते.
वरच आहे.